ऐकून घेतल्यावर
शेजारी कुणी सुका बोंबील भाजला की मला करी रोडची ती खोली आठवते. गिरण्यांचा संप लांबला होता आणि समाजकार्याच्या एम.ए.साठी मला तिथल्या एका चाळीत क्षेत्रकार्याला पाठवलं होतं. स्टोव्हवर बोंबील भाजत एका गिरणी कामगाराची बायको म्हणाली, “भोंगो वाजना नाय, तरी हे पहाटे उठान कपडे घालून बसतत. कोणाशी बोलनत नाय. तू एवढा शिकतंस, यांका बोलता कर गो.” वर्गात आम्हाला ऐकून घ्यायला शिकवलं होतं, म्हणून मी तिच्या नवऱ्याजवळ बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, “पोरी, गिरणी चालू होतली?” मी तो प्रश्न वहीत लिहून घेतला. पुढच्या आठवड्यात गेले तर खोलीला कुलूप होतं. दोघं गावी गेली होती. आता मी तोच विषय शिकवते. ऐकून घेतल्यावर पुढे काय करायचं, असं विद्यार्थ्यांनी विचारलं की मी त्यांना त्या वहीतला तो प्रश्न वाचून दाखवते.