दोन पासष्टचे छर्रे

हिऱ्याच्या काट्यावर एअर रायफलचा छर्रा ठेवला की आकडा यायचा, दोन कॅरेट पासष्ट सेंट. कधी त्रेसष्ट, कधी सदुसष्ट. एक सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग. हिऱ्याच्या धंद्याबाहेर कुणाला त्याचं सोयरसुतक नसतं. मला होतं, चांगलं चार वर्षं.

आम्ही सुरतेतल्या लिंबायतचे, मूळ धुळ्याकडचे. वडील लूमवर, आई घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची, मोठा भाऊ वराछाला हिऱ्याच्या कारखान्यात. कॉलेजात मी एनसीसीत गेले ती खरं सांगायचं तर नाश्त्यासाठी. तिथे पहिल्यांदा रायफल हातात आली. माझ्या पाच गोळ्यांची भोकं बघून सुभेदारसाहेब म्हणाले, "या पोरीचा हात हलत नाही." त्यांच्याच ओळखीने मी वेसूकडच्या एका रायफल क्लबात जायला लागले. दोन बस बदलून.

क्लबातले सर गुजरातीत बोलायचे, मी हिंदीत उत्तर द्यायची. स्वतःची रायफल नसलेल्या आम्ही चार मुली होतो आणि क्लबची रायफल एक. पाळीपाळीने नेम धरायचा. दहा मीटरवर दहाचं वर्तुळ टिंबाएवढं दिसतं. मला एक गोष्ट खुपायची. श्वास बरोबर, खांदा बरोबर, चाप बरोबर दाबलेला, आणि तरी मध्येच एखादा शॉट नवावर जाऊन बसायचा. सरांना विचारलं तर म्हणायचे, "तुझंच काहीतरी चुकलं असेल."

एकदा मी मूठभर छर्रे घरी आणले आणि भावाच्या हिरे बघायच्या भिंगाखाली, आयग्लासखाली बघितले. शिशाचा छर्रा मागून पोकळ असतो, परकराच्या घेरासारखा. काहींचा घेर दबलेला होता, काहींना शिशाची कुसळं चिकटलेली. भावाने कारखान्यातून मोडीत निघालेला काटा आणला, दुरुस्त केला आणि म्हणाला, "वजन पण कर. आम्ही कच्चा माल असाच छाटतो."

झालं. पाचशेची डबी उघडायची, चिमट्याने एकेक उचलायचा, घेर बघायचा, काट्यावर ठेवायचा, आकडा स्थिर होईपर्यंत पंख्याचं बटण बंद. दोन चौसष्ट एका वाटीत, दोन पासष्ट दुसऱ्या. बाकीचे बाहेर. आई शेजारी साडी पसरून बसलेली असायची. म्हणायची, "हाई काय दाना निवडी राहिनी तू? फुटी जातीन तुना डोया." आणि उठताना बजावायची की शिशाचे हात धुतल्याशिवाय पिठाला लावायचे नाहीत.

निवडलेल्या छर्‍यांनी माझे गुण वाढले. खरंच वाढले. सरांच्या नजरेत ते आलं, त्यांनी कारण विचारलं, मी भाबडेपणाने सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्यापुढे सहा डब्या ठेवल्या. "टीमचं काम आहे. तुझा हात बसलाय त्यात."

सुरुवातीला मला बरं वाटलं, हे लपवत नाही. वेसूच्या, घरच्या गाडीतून येणाऱ्या मुली माझ्या डबीची वाट बघायच्या. त्यातली एक माझ्याहून वर्षाने लहान होती. तिच्या पप्पांनी तिला परदेशी रायफल घेऊन दिली होती. गोड मुलगी. मला दीदी म्हणायची, घरून खमण आणायची. "दीदी, तुमच्या डबीशिवाय मला भीती वाटते," असं ती सगळ्यांसमोर म्हणायची.

हळूहळू क्लबात माझ्यासाठी कोपऱ्यात टेबल आलं. मग टेबलावर नवा काटा आला. मी पोचले की आधी छर्रे, मग नेमबाजी. छर्रे संपेपर्यंत रायफलची माझी पाळी संपलेली असायची. सर म्हणायचे, "उद्या तुला जास्त वेळ देतो." असे किती उद्या गेले.

राज्याच्या निवड चाचणीला अहमदाबादला गेलो तेव्हा मी स्वतःसाठी एक डबी वेगळी ठेवली होती. सगळे दोन पासष्ट, एकही घेर वाकडा नाही. तीन आठवडे लावले होते त्या डबीला. सकाळी बॅग उघडली तर डबी नाही. मी सरांकडे धावले.

"ती मी तुझ्या त्या दीदी-दीदी करणारीला दिली," सर म्हणाले. त्यांनी आवाजही खाली केला नाही. "तिला वर जायची संधी जास्त आहे. तू काय, कशानेही मारशील."

"सर, ती माझी होती."

"क्लबचे छर्रे, बेन. तुझं काय त्यात?"

बरोबरच होतं. माझं काय त्यात? मी सीलबंद डबी फोडली, दबके दिसले ते बाजूला काढले आणि लाइनवर उभी राहिले. साठ शॉट. प्रत्येक छर्रा आत सरकवताना मनात तोच विचार, हा हलका असेल, हा जड असेल, याचा दबका घेर नजरेतून सुटला असेल. डोळा नेमावर आणि जीव छर्‍यात. दोन गुणांनी मी राहिले. ती संघात गेली. परतीच्या गाडीत तिने मला मिठी मारली आणि म्हणाली, "दीदी, तुमच्यामुळेच." तिला डबीचं काही माहीत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरी तिचे हात मी अंगावरून काढले.

पंधरा दिवसांनी सरांनी पुन्हा डब्या ठेवल्या. तिला राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडून हवे होते. मी हो म्हटलं. आणि मी जे केलं ते आजवर घरातही कुणाला सांगितलेलं नाही. जे वजनात बसत नव्हते, त्रेसष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट, ते सगळे वेचून मी तिची डबी भरली. वर चिठ्ठी चिकटवली, दोन पासष्ट. घेर दबलेले मात्र घालवेनात. दोनदा घातले आणि दोनदा काढले. बाकी मनात जेवढं विष होतं तेवढं त्या डबीत भरलं.

तिने आयुष्यातले सगळ्यात जास्त गुण मारले. तिथूनच फोन केला. मागे टाळ्या ऐकू येत होत्या. "दीदी, काय छर्रे होते! एकही भरकटला नाही."

मी फोन ठेवला आणि आईच्या शेजारी खडे चिकटवायला बसले.

दुसऱ्या दिवशी क्लबात गेले. एका नव्या रायफलची तपासणी चालू होती. ती शिकंज्यात घट्ट आवळलेली, माणसाचा हात लागायचा प्रश्नच नाही. मी सरांना म्हटलं, "दहा शॉट मला द्या." पाच निवडलेले मारले, पाच डबीतले, नुसता घेर बघून, न तोलता. सरांनी नेमाचे दोन्ही कागद दोरीने ओढून घेतले आणि माझ्या हातात दिले. दोन्हींवर पाचांचं मिळून एकेकच भोक. मी एकावर एक धरून उजेडात बघितले. कुठला कुठल्याचा, मलाच सांगता येईना.

"तुम्हाला माहीत होतं?"

"दहा मीटरला दोन-तीन सेंटांनी काय होतं?" सर म्हणाले. "दबका छर्रा काढला की पुरे. तेवढं डोळ्यांनी होतं. पण पोरींचा तुझ्या डबीवर विश्वास बसला होता. विश्वास बसला की पोरगी शांत उभी राहते."

"मग मला चार वर्षं कशाला बसवलंत?"

ते कागद परत घेऊन त्यांच्या सुरळ्या करत होते. "तुझ्याकडे रायफल नाही, जॅकेट क्लबचं, बुटं क्लबची. तुला इथे ठेवायला कमिटीला काही कारण नको सांगायला? मी तुझं भलंच केलं."

त्यांना ते खरंच वाटत होतं, हे सगळ्यात वाईट. शिव्या द्याव्यात तर समोर लबाड माणूस हवा ना. हा आपला उपकार केल्यासारखा माझ्याकडे बघत होता. मी जॅकेट काढून खुर्चीवर ठेवलं आणि बसस्टॉपवर आले. डोक्यात एकच गोष्ट. अहमदाबादला माझ्या हातात होते ते छर्रे तिच्या डबीतल्यांइतकेच चांगले होते.

घरी वडील जेवत होते. मी क्लब सोडल्याचं सांगितलं, कागदांचंही सांगितलं. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. हातातला घास तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "मंग तू हारनी कशी?"

त्यांनी चिडून नाही विचारलं, त्यांना खरोखर कळलं नव्हतं. पण मी ताटावरून उठले आणि आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्या प्रश्नाला उत्तर एकच होतं आणि ते माझ्या तोंडून निघणार नव्हतं. छर्रे निवडून दुसऱ्यांना मी धीर दिला आणि त्याच निवडण्याने माझा धीर खाल्ला. सरांनी डबी उचलली हे खरं. पण डबी गेल्यावर आपलं सगळं गेलं असं मानणारी मीच होते.

आता मी भावाच्याच ओळखीने हिरे छाटायला बसते. शेठ माझ्या डोळ्याचं कौतुक करतात. ती मुलगी अजून खेळते. मध्यंतरी मोबाईलवर तिची मुलाखत बघितली. तिला यशाचं कारण विचारलं होतं. तिने सरांचे आभार मानले, पप्पांचे मानले, आणि मग म्हणाली, "क्लबात एक दीदी होत्या, त्या छर्रे फार छान निवडायच्या."

नेम धरायच्या, असं ती म्हणाली नाही. तिने मला रायफल धरलेलं फारसं पाहिलंच नव्हतं.