भरतेश जेवला होता का?

आमच्या कोर्सची रीत अशी की दर काही वर्षांनी सगळ्यांनी एकत्र जमायचं, आणि तेही कुणाच्या तरी गावी. यंदा पासिंग आउट परेडला तीस वर्षं झाली. पाळी कोल्हापूरची, म्हणजे माझी. मी शिवाजी पेठेत वाढलो, कर्नल होऊन निवृत्त झालो आणि आता राजारामपुरीत राहतो. खोल्या, बस, जेवण, सगळी जबाबदारी माझ्यावर. माझी धावपळ बघून बायको म्हणाली, "पोरीच्या लग्नात तरी एवढं पळाला नव्हतात." बोलणं लागलं, पण खोटं नव्हतं.

कोर्समेट म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगणं अवघड जातं. अकादमीत एकाच्या बुटाला पॉलिश नसलं तर अख्खी प्लाटून चिखलात लोळते. सुरुवातीला आपण त्या एकाला मनसोक्त शिव्या देतो. नंतर कधीतरी त्याच्या आधी उठून त्याचे बूट आपणच पॉलिश करून ठेवायला लागतो. पुढे कुणी मोठ्या हुद्द्यावर जातो, कुणी लवकर बाहेर पडून कंपनीत लागतो. पण टोपणनावाचा हक्क कोणी सोडत नाही. संधू आज ब्रिगेडियर आहे. त्याच्या गाडीवर तारा लागतो. आम्ही त्याला 'ट्रॅक्टर' म्हणतो आणि तो ओ देतो.

भरतेश मगदूमला आम्ही 'मॅगी' म्हणायचो. आडनावावरून पडलेलं नाव, पण त्यातली गंमत अशी की हा पोरगा मॅगी कधी खायचाच नाही. गडहिंग्लजजवळच्या जैन शेतकऱ्याचा मुलगा. अंगानं दणकट, बोलायला कमी. दिवस मावळला की अन्न बंद, हा त्याचा नेम. अकादमीत रात्रीचं जेवण रात्रीच असतं. त्यानं कधी सवलत मागितली नाही. संध्याकाळचे खेळ संपले की तो सायकल दामटत कॅन्टीनला जायचा आणि उजेड आहे तोवर मिळेल ते पोटात घालायचा. रात्री मेसमध्ये आमच्यासोबत पाठ ताठ ठेवून बसायचा, रिकाम्या ताटापुढे. आमचे ड्रिल उस्ताद म्हणायचे, "सूरज और मगदूम, दोनों की छुट्टी एक टाइम."

कमिशन मिळालं तेव्हा तो आणि मी एकाच बटालियनमध्ये गेलो. पाचेक वर्षांनी काश्मीरमध्ये तो गेला. कॅप्टन होता.

तेव्हापासून आमच्यात एक न सांगितलेला रिवाज पडला. ज्याची वाट कोल्हापूर भागातून जाईल, त्यानं मगदूमांच्या घरी जाऊन यायचं. भरतेश आईला अव्वा म्हणायचा, म्हणून आम्हीही अव्वा म्हणतो. बदलीवर जाताना, सुट्टीवर येताना, एकेकटे सगळे जाऊन आले. संधू पंजाबातून वाट वाकडी करून दोनदा आला. निवृत्तीनंतर सगळ्यात जास्त मी जातो. अव्वा माझे गुडघे, साखर, पोरीचं सासर, सगळ्याची चौकशी करते. भरतेशविषयी तिनं मला कधी काही विचारलं नाही. मी त्या दिवशी तिथं होतो, हे तिला माहीत होतं. ती विचारत नाही म्हणजे तिला त्रास होत असेल, असं मी धरून चाललो होतो.

या वेळी ठरलं की मंडळी कोल्हापुरात जमली की सगळ्यांनी मिळून अव्वाकडे जायचं. तिला फोन केला तर म्हणाली, "या की. पर जेवायला या. आन दिस हाय तवर या, मागनं मी कुणाला वाढायची न्हाय."

दुपारी बस निघाली. उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवून चालल्या होत्या. थॉमस माझ्या शेजारी होता. केरळचा माणूस, पण आयुष्य मराठी जवानांत गेलं, त्यामुळं त्याची मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मागे संधू आणि पुण्याचा कुलकर्णी गाणी म्हणत होते. गाणी म्हणजे मार्चिंगची, त्यातले निम्मे शब्द बायकांसमोर म्हणण्यासारखे नाहीत, म्हणून बायका मोठ्यानं हसत होत्या. गाव जवळ आलं तशी गाणी थांबली. कुलकर्णीनं कंगवा काढून उरलेले केस बसवले. संधूनं पगडी चाचपली. वय पन्नाशीच्या पुढचं, पण सगळे इन्स्पेक्शनला उभे राहिल्यासारखे दिसत होते.

अव्वा दारात उभी होती. ऐंशीच्या घरातली, कमरेत थोडी वाकलेली. भरतेशचा थोरला भाऊ शेती बघतो, त्यानं अंगणात मांडव घातला होता. बायकांची पंगत आधी उठली. मग आम्ही बसलो. जोंधळ्याची भाकरी, दोडक्याची भाजी, आमटी आणि हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली गव्हाची खीर. ताटं वाढून झाली. आम्ही हात घालणार, तेवढ्यात अव्वा आमच्यासमोर पाट घेऊन बसली.

"जरा थांबा," ती म्हणाली. "समदे येकदम कवा गावला न्हाईसा. आज गावलाय तर येक इच्यारती."

आम्ही थांबलो.

"माझा भरतेश गेला त्या दिशी जेवला हुता का?"

तिनं संधूकडं बोट केलं.

"ह्यो पंजाबी पावणा मला म्हणाला, आलूचे पराठे खाऊन गेला. पोटभर. व्हय का रं?"

संधूला मराठी येत नाही, तो आला तेव्हा भरतेशचा भाऊ हिंदीत सांगायला होता, पण आलू आणि पराठे कळले. त्याची मान खाली गेली.

"थॉमस म्हणाला उपमा. ह्यो कुलकर्णी म्हणाला शिरा, वरनं तूप. आनखी दोघं आलते, त्येंनी बी येगयेगळं सांगितलं. येका दिसात येवढं खाल्लं आसतं तर माझ्या पोराला पळता तरी आलं आसतं का? आन बटाटा तर त्यो तोंडात घेत न्हवता. तुमच्यासंगं ऱ्हायला, तुमाला म्हाईत न्हाय?"

मी कुलकर्णीकडं पाहिलं, कुलकर्णीनं थॉमसकडं. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. हाच प्रश्न तिनं प्रत्येकाला विचारला होता. प्रत्येकाला वाटलं, आपल्यालाच विचारला. प्रत्येकानं तिला बरं वाटावं म्हणून जे तोंडाला आलं ते सांगितलं, आणि एकमेकांना ते कधी कळू दिलं नाही. यांच्यापैकी एकही जण त्या दिवशी तिथं नव्हता. एक पुढं सरकला की दुसऱ्यानं कव्हर द्यायचं, हे आम्ही झोपेतही करू शकतो. आणि एका म्हातारीशी खोटं बोलताना पाच ऑफिसरांनी आपसात पदार्थसुद्धा ठरवला नाही. दुसरी कुठली वेळ असती तर आम्ही यावर वर्षभर हसलो असतो.

अव्वा माझ्याकडं वळली. "सदा, तुला मी कवा इच्यारलं न्हाय. तू तितं हुतास. तू खरं सांगशील म्हणून भ्या वाटायचं. आता माझं वय झालंय, तम्मा, बाळा. आता भ्या न्हाय. सांग."

काय सांगायचं, यावर विचार करायला मला वेळ नव्हता. 'जेवला होता' हे दोन शब्द जिभेवर होते. ते सांगितले असते तर मी सहावा झालो असतो, आणि तिला विचारायला पुढं कुणी उरलं नसतं. मी सांगितलं ते असं.

कंपनीचा तळ डोंगराच्या खांद्यावर होता. कंपनी कमांडर सुट्टीवर होते, ताबा माझ्याकडं होता. भरतेश दोन दिवस खालच्या नाल्यात सर्च करून दुपार कलल्यावर परत आला. सगळी पार्टी भिजलेली. सकाळी खिशातले फुटाणे खाल्ले होते, त्यानंतर काही नाही. लंगरमध्ये, म्हणजे कंपनीच्या स्वयंपाकघरात, आचाऱ्यानं त्याच्यापुरतं वेगळं शिजवलं होतं. ऊन समोरच्या डोंगरधारेवर आलं होतं, दिवस मावळायला थोडाच वेळ होता. हातपाय धुऊन तो ताटावर बसला.

तेवढ्यात वायरलेस सेटवर आवाज आला. शेजारच्या पोस्टची पार्टी त्याच नाल्यात अतिरेक्यांच्या गोळीबारात सापडली होती. फायर चालू होता, एक जवान जखमी, उघड्यावर पडलेला. सगळ्यात जवळ आम्ही होतो. मी क्विक रिअ‍ॅक्शन टीमला 'स्टँड टू', म्हणजे सज्ज होण्याचा हुकूम, दिला आणि स्वतः निघालो. भरतेश उठला.

"तू थांब. नाला मी आत्ता बघून आलोय."

बरोबर होतं. वाट त्याला माहीत होती, मला नव्हती. मी म्हणालो, "जा. पण दोन घास खाऊन जा."

"माणूस रक्त गाळतोय तिकडं."

"दोन घास, मॅगी."

"झाकून ठेव. सकाळी खातो."

परत येईपर्यंत दिवस मावळणार, हे त्यानं धरलं होतं, म्हणून सकाळी म्हणाला. बुटाच्या नाड्या बांधल्या आणि टीम घेऊन उतरला.

पुढचं मी सेटवर ऐकलं.

"जखमी मिळाला. मागे पाठवतोय. ओव्हर."

"रॉजर. तू कुठं आहेस? ओव्हर."

"मोठ्या दगडापाशी. कव्हर देतोय. हे वर गेले की निघतो. ओव्हर."

"लवकर निघ. ओव्हर."

"रॉजर."

मग बराच वेळ फायरचा आवाज. मी दोनदा बोलावलं. तिसऱ्या वेळी त्याच्या टीममधल्या सुभेदार साहेबांचा आवाज आला. "साब को गोली लगी है." मी विचारलं, कुठे. ते म्हणाले, "साब नहीं रहे." ज्या जवानाला आणायला तो गेला होता, तो वाचला.

एवढं सांगून मी म्हणालो, "अव्वा, तो जेवला नव्हता. एक घाससुद्धा नाही."

संधूला थॉमस हळू आवाजात सांगत होता, तो थांबला. भरतेशचा भाऊ हातात भाकरीचं टोपलं घेऊन तसाच उभा होता. अव्वाच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नव्हतं. वाटलं, चुकलो. खोटं बोलणारे बरे होते.

कुलकर्णी मायाळू माणूस आहे. त्याला राहवलं नाही. "अव्वा, तुमच्यात उपवासात जाणं पुण्याचं मानतात ना? तसं समजा. उपवासात गेला."

"उपास मुनी करत्यात," अव्वा म्हणाली. "आपल्या मर्जीनं. माझं लेकरू भुकेलं गेलं. भुकेला भूकच म्हनायची, पावणं."

कुलकर्णीनं डोळे पुसले.

मग ती मला म्हणाली, "आन ते ताट?"

हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा. "झाकून ठेवलं. सकाळी त्याला हेलिकॉप्टरमध्ये ठेवलं आणि मी लंगरमध्ये आलो. आचारी ताट टाकायला निघाला होता. मी त्याच्या हातातून घेतलं आणि खाल्लं."

"काय हुतं त्येच्यात?"

"मुगाची खिचडी. दुधीची भाजी."

"गार?"

"गार झालं होतं. गोठल्यासारखं."

"मीठ बरं हुतं का?"

"चव कळली नाही, अव्वा."

तिनं मान हलवली. मग हात पुढं केला आणि माझ्या तोंडाला लावला, लहान मुलाच्या तोंडाला लावतात तसा. हात खरखरीत होता. मी सैनिक आहे, चारचौघांत रडायची सवय नाही. त्या दिवशी मी रडलो. कोर्ससमोर रडलो आणि लाज वाटली नाही.

माझं ताट तसंच होतं. सांगण्याच्या नादात मी त्याला शिवलोही नव्हतो. भाकरी कडक झाली होती, आमटीवर साय धरली होती. अव्वानं ते माझ्यापुढून उचललं.

"ह्ये गार झालं. तू गार खाऊ नगंस. येकदा खाल्लंस तेवढं बास."

तिनं सुनेला हाक मारून मला दुसरं ताट वाढायला लावलं, तव्यावरची भाकरी आणि वाफेची आमटी. बाकीच्यांना म्हणाली, "तुमी बी खावा आता. खोटं बोलला म्हनून मी उपाशी लावून देतीया व्हय?" संधूच्या ताटात तिनं स्वतःच्या हातानं हुग्गी वाढली. त्याला सगळं नीट कळलं होतं की नाही कोण जाणे, पण त्यानं तिचे पाय धरले ते लवकर सोडले नाहीत. उठून तो आपल्या जागी बसला आणि तसाच रडत जेवू लागला.

माझं ते गार ताट अव्वानं कुणाला दिलं नाही, गोठ्याकडंही नेऊ दिलं नाही. आपल्या मांडीपुढं ओढलं आणि जेवायला बसली. कडक भाकरी आमटीत बुडवून, सावकाश, एकेक घास. मध्येच सून म्हणाली, "अव्वा, गरम देती की." तिनं ऐकल्याचं दाखवलं नाही. मगदूमांच्या घरात अन्नाचा कण वाया जाऊ देत नाहीत. जेवून झाल्यावर तिनं ताटात पाणी घातलं, बोटानं चौफेर फिरवलं, आणि ते पाणीही पिऊन टाकलं.