मध्यम हात

प्रितेशने भिवंडीतल्या धान्याच्या दुकानात डिजिटल काटा आणला आणि वडिलांना, केसरीनाथना, मागच्या खुर्चीत बसवलं. "हातानं मोजायचे दिवस गेले, बाबा."

ईदच्या आदल्या दिवशी इक्बालचाचा गरिबांना दान द्यायचे फित्र्याचे तांदूळ घ्यायला आले. "एक साअ दे."

प्रितेशने मोबाइलवर शोधलं. कुठे सव्वादोन किलो, कुठे तीन.

"अरे, साअ म्हणजे चार ओंजळी," चाचा म्हणाले. "पण हात मध्यम हवेत." त्यांनी प्रितेशचे जिममध्ये कमावलेले पंजे न्याहाळले आणि मागे हाक मारली, "केसरी, जरा ये."

केसरीनाथनी सावकाश चार ओंजळी भरल्या. प्रितेशने काट्यावरचा आकडा गुपचूप टिपून घेतला.

संध्याकाळी खुर्ची काट्याशेजारी आली. प्रितेशच्या म्हणण्याप्रमाणे, काटा तपासण्यापुरती.