मितवल्लीची वाहवा

मितवल्लीचा धंदा वाहवा करण्याचा. ही थट्टा नव्हे. त्या काळी कैरोतल्या प्रत्येक बड्या गवयाच्या मंडळीत असा एक माणूस असायचाच. हातात वाद्य नाही, गळ्यात सूर नाही. गवयाच्या डाव्या अंगाला बसायचे आणि सूर हिंडून फिरून घरी पोचला की तोंड भरून ओरडायचे, “अल्ला! अल्ला! जीव घेतलात, शेख! पुन्हा एकदा!” अशा माणसाला मुतय्यिब म्हणत, म्हणजे मैफलीला चव आणणारा. पोटापुरते पैसे मिळत, लग्नघरी मटण मिळे. मानाचे मात्र विचारू नका. बासरीवाला सुद्धा त्याला स्वतःचा कोट धरायला सांगायचा.

तरी या धंद्यात शिरायला नशीब लागते. मितवल्लीचा बाप सय्यिदा झैनबच्या चौकात उकडलेल्या वालांचा हंडा घेऊन बसायचा, आणि पोराला गवई व्हायचे होते. गळा असा की वाल विकायची हाळी दिली तरी गिऱ्हाईक दचकावे. एकदा बुलाकमधल्या एका लग्नात तो बिनबोलावता जेवायला घुसला. तिथे शेख बयूमी गात होते. खेड्यातून कुराणपठणाने गळा घडवून आलेला हा माणूस तेव्हा नुकता गाजू लागला होता. चाली स्वतःच बांधायचा, आणि कागदावर एक सूर लिहून ठेवायचा नाही. गाता गाता त्यांनी एक बारीकशी जागा घेतली. मंडपात कुणाच्या लक्षात आली नाही, पण भातात हात घातलेला मितवल्ली कळवळून ओरडला, “अरे देवा!” शेखांनी गाणे थांबवून विचारले, “कोण रे तो?” दुसऱ्या दिवसापासून मितवल्ली त्यांच्या मंडळीत.

पुढे शेखांचे नाव दमास्कसपासून ट्युनिसपर्यंत गेले. तबकड्या निघाल्या, आणि त्या तबकड्यांवर गाण्याच्या अधेमधे मितवल्लीचा घोगरा “अल्ला!” सुद्धा कोरला गेला. बायको नबविया त्याला टोमणा मारी, “सनियाचे अब्बा, घरी मी चार घास चांगले रांधले तर तोंडातून शब्द निघत नाही तुमच्या. तिकडे मात्र पैसे मिळाले की गाढवाच्या ओरडण्यालाही अल्ला म्हणाल.”

मितवल्ली हसण्यावारी नेई, पण ते त्याला लागायचे, कारण त्यात थोडे खरे होते. एकदा तांता शहरातल्या एका थंड मैफलीत शेखांचा धीर सुटला. श्रोते मख्ख बसले होते आणि शेख ओळ अर्धी टाकून उठले. तेव्हापासून त्यांनी खूण ठरवली. उजव्या अंगठ्याने गुडघा चोळला की मितवल्लीने ओरडायचे, म्हणजे सभा जागी होते आणि शेखांना दम घ्यायला सवड मिळते. पहिल्यांदा मितवल्लीला वाईट वाटले. मग सवय झाली. शेवटी शेवटी तो गाणे ऐकतच नसे, अंगठ्याकडे बघत बसे.

आणि मग रेडिओ आला. चहाच्या दुकानांतून लाकडी पेट्या बोलू लागल्या आणि गुळगुळीत भांग पाडलेली नवी पोरे, मागे वीस व्हायोलिने घेऊन, त्या पेट्यांतून गाऊ लागली. शेखांना लग्नाची बोलावणी कमी झाली. अखेर रेडिओकेंद्राचे एक साहेब, इस्मत बे, शुक्रवारी दुपारी शेखांचे गाणे ठेवायला तयार झाले. नवी चाल, थेट प्रक्षेपण, साऱ्या इजिप्तभर. जमले तर दर महिन्याला, नाही जमले तर राम राम. ही संधी गेली की आपले दिवस सरले, हे शेखांना कळत होते.

तालमीच्या दिवशी इस्मत बेंनी मितवल्लीकडे चष्म्यावरून पाहिले. “हे काय वाजवतात?”

“हा काही वाजवत नाही,” शेख म्हणाले. “हा ऐकतो.”

“ऐकायला सारा देश बसलाय, शेखसाहेब. माईकसमोर आरडाओरडा चालायचा नाही. हे बाजारातलं गाणं नव्हे.”

“तो कोरसमध्ये बसेल.”

“बसू दे. पण तोंडातून एक शब्द बाहेर पडला तर तुम्ही दोघं पुन्हा या दारात दिसायचं नाही.”

तालीम भयंकर झाली. शेख ओळ संपवत आणि पुढे नुसती शांतता. भिंतींना जाड कापड लावलेले, काचेपलीकडे इस्मत बे घड्याळ बघतायत, श्रोता म्हणून एक लोखंडी डबा. शेकडो चाली बांधलेला तो माणूस शाळकरी पोरासारखा चाचरू लागला. परत जाताना टांग्यात ते म्हणाले, “मितवल्ली, मयताच्या घरात गातोय असं वाटतं रे.” मितवल्लीला स्वतःच्या भाकरीची काळजी होती, नाही कशाला म्हणा. पण शेख बयूमी पडलेले बघणे त्याला त्याहून जड जात होते.

शुक्रवारी नमाज आटोपून मंडळी जमली. मितवल्लीने तोंडात रुमालाचा बोळा कोंबला. बासरीवाला म्हणाला, “अरे, गुदमरून मरशील. मेलास तरी आवाज न करता मर म्हणजे झालं.” लाल दिवा लागला.

पहिले कडवे कसेबसे पार पडले. ओळ संपली आणि सवयीने शेखांचा अंगठा गुडघ्यावर फिरला. मितवल्लीच्या डोळ्यांत पाणी आले, पण तो गप्प राहिला. शेख घाईघाईने पुढे गेले. अंगठा पुन्हा फिरला. पुन्हा शांतता. मग शेखांच्याही लक्षात आले असावे, कारण त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले आणि डोळे मिटले.

ओळ साधी होती, ‘उशिरा आलीस, पण आलीस’. ती त्यांनी एकदा म्हटली, दोनदा म्हटली, आणि तिसऱ्यांदा कुणालाही न सांगता बांधलेली चाल सोडून भलतीकडेच वळले. वाद्ये गोंधळून मागे राहिली. शेख एकटेच वर वर गेले, अशा मुलुखात की तिथून मूळ सुरावर यायला वाटच नाही. गेले, संपले, असे मितवल्लीला वाटले. त्याने बघायला अंगठा शोधला, तर हात मांडीखाली. तेव्हा कित्येक वर्षांनी त्याने नुसते ऐकले. आणि शेख खाली आले. दरवाजाने नव्हे, जणू खिडकीतून आत उतरावे तसे अलगद घरच्या सुरावर येऊन टेकले, आणि म्हणाले, ‘पण आलीस’.

रुमालाचा बोळा कधी बाहेर पडला ते मितवल्लीला कळलेच नाही. तो धंद्याच्या आवाजात ओरडला नाही. घरातल्या माणसाशी बोलावे तसा हलक्या आवाजात म्हणाला, “अल्ला! हे कुठून आणलंत हो?”

आणि ते इजिप्तभर गेले.

काचेपलीकडे इस्मत बे उभेच राहिले. व्हायोलिनवाल्याचा गज अडखळला. शेखांनी डोळे उघडून मितवल्लीकडे रोखून पाहिले. मग त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, दुसऱ्या तऱ्हेने. मग पुन्हा, तिसऱ्या तऱ्हेने. बातम्यांची वेळ टळली तरी ते थांबेनात. पण मितवल्लीला त्यातले काही सुख राहिले नव्हते. आपण शेखांच्या अन्नात माती कालवली, एवढेच त्याच्या डोक्यात घोळत होते. लाल दिवा विझताच तो मागच्या जिन्याने पळाला.

गल्लीच्या तोंडाशी हनफीचे चहाचे दुकान. मितवल्ली मान खाली घालून निघून जाणार होता, पण हनफीने त्याची बाहीच पकडली.

“ए भल्या माणसा, पळतोस कुठं? आज तू आम्हाला वाचवलंस.”

“थट्टा करू नकोस, हनफी. माझं वाटोळं झालंय.”

“थट्टा कसली! अरे, आम्ही सगळे त्या पेटीसमोर मयताला बसल्यासारखे बसलो होतो. शेख गातायत, जीभ वळवळतेय, पण लाकडाच्या पेटीला अल्ला म्हणायचं का नाही, कुणाला ठाऊक? म्हटलं तर शेजारी हसायचा. आणि तेवढ्यात ती पेटीच म्हणाली की! मग काय, सगळं दुकान उठलं. कोपऱ्यातल्या अबू सरीने तर माझा हुक्का लवंडला.”

“मीच बोललो हे कळलं?”

“तुझा घोगरा आवाज? माझ्या बकरीलाही कळला.”

सगळे हसले. मितवल्लीला हसू येईना. दुकानाचे सोड, शेखांचे काय? एवढ्यात टांगा वाजला आणि शेख बयूमी स्वतः उतरले. फेटा वाकडा झालेला. दुकानातली माणसे उभी राहिली.

“पळालास का रे, हरामखोरा?” शेख गरजले.

“सिदी, मालक माझे, माझी जीभ कापून टाका. तुमचं रेडिओचं काम मी घालवलं.”

“काम घालवलं म्हणे! इस्मत बेंचा टेलिफोन अजून वाजतोय. त्यांच्या सासऱ्यांनीच विचारलं, तो ऐकणारा माणूस कोण, त्याला दर खेपेला बसवा. बे म्हणाले, ही कल्पना मुळात माझीच.” दुकानात हशा उसळला. “पुढच्या महिन्याची तारीख दिलीय. तुझी खुर्चीही ठेवलीय.”

मितवल्ली तिथेच बाकावर बसला. त्याच्या जिवात जीव आला आणि पाठोपाठ रडू आले, आणि कोटाच्या बाहीने डोळे पुसताना त्याला त्याची लाजही वाटली नाही. हनफीने दोघांपुढे पुदिन्याचा चहा ठेवला आणि गिऱ्हाइकांना हाकलून बाजूला नेले.

शेखांनी पेला हातात घेतला. मग वाकून हळूच म्हणाले, “एक विचारू? खरं सांग. मी खूण केली होती का?”

“नाही, सिदी.”

“नकळत? अंगठा हलला असेल.”

“अंगठा दिसतच नव्हता. हात मांडीखाली होते तुमचे. आणि सिदी, मी बघतही नव्हतो.”

“मग ओरडलास का?”

“ओरडलो नाही. आतून निघालं.”

शेखांनी पेला खाली ठेवला. “तांतानंतर तुझा एकेक अल्ला मी विकत घेतला, मितवल्ली. तू म्हणायचास, मग सभा म्हणायची. घरी जाऊन मी पडून राहायचो आणि विचार करायचो, ते माझ्या गाण्याला म्हणाले का तुझ्या पाठोपाठ? दमास्कसला लोकांनी मला खांद्यावर घेतलं, तेव्हासुद्धा हाच विचार. बायकोलाही कधी बोललो नाही.” त्यांनी वाकडा झालेला फेटा सरळ केला. “आज कळलं. मला गाता येतं रे.”

शेखांना गाता येत नाही असे मानणारा साऱ्या अरब मुलुखात एकच माणूस होता, आणि तो आता मितवल्लीसमोर बसून, पोट दुखेपर्यंत उपाशी राहिलेल्या माणसासारखा, हनफीकडे भाकरी मागत होता.