रंगाखालची प्लेट

जळक्या वार्निशचा वास दारातून आत आला आणि थोरल्या सुनेनं ओळखलं, लाँड्रीवाल्याची मोटर पुन्हा आली. ही तिसरी खेप. सासऱ्यांच्या दुकानात जळलेल्या मोटरींना नव्या तारा भरायचं काम तिचं. नवरा गेल्यावर तिनंच ते उचललं होतं. गिऱ्हाइकांशी बोलणं आणि शेवटी मोटरीला हिरवा रंग फासणं धाकट्या दिराकडे.

दिरानं मोटर टेबलावर आदळली. बाईचा हात कच्चा, असं लाँड्रीवाला चारचौघांत बोलला होता. ही जुनी मोटर त्याला मिळवून दिली होती दिरानंच, पण ते आता कोण काढतो? वहिनीनं जाऊन माफी मागावी, नाहीतर या टेबलावर दुसरा कारागीर बसेल, असं त्यानं सासऱ्यांदेखत सुनावलं.

थोरलीच्या डोक्यात वेगळंच घोळत होतं. मागच्या खेपेला तिनं लाँड्रीत मीटर लावून पाहिला होता. व्होल्ट बरोबर, अँपिअर बरोबर. मोटरीच्या माहितीच्या प्लेटवर रंगातून वर आलेल्या आकड्यांशी दोन्ही जुळत होतं. तरी जळते म्हणजे काय?

प्लेटचा खालचा कोपरा रंगानं पार बुजला होता. तिनं थिनरचा बोळा घेतला आणि घासत राहिली. हिरव्याखालून अक्षरं निघाली: एस थ्री, चाळीस टक्के. म्हणजे दहा मिनिटांत चार मिनिटं चालायचं, सहा मिनिटं थंड व्हायचं. ओझं वर उचलून थांबणाऱ्या यंत्राची मोटर ती. लाँड्रीत दिवसभर पंप ओढत होती.

दीर हसला. "म्हणजे मोटरीनं झोपा काढायच्या?"

"तिला विसावा लिहून दिलाय, भाऊजी. तुम्ही त्यावर रंग फासलात. मी दोनदा न वाचता तारा भरल्या, तेवढं माझं चुकलं. पण माफी मागणार नाही, आणि त्या पंपासाठी हिला पुन्हा हात लावणार नाही."

"मग दुसरा माणूस आणतो."

"आणा. आधी त्याला हे वाचायला लावा."

दाराशी रंगवून ठेवलेल्या मोटरींची रांग होती. थोरली बोळा घेऊन पहिलीपाशी बसली. दिरानं बोळा ओढला. तिनं सोडला नाही. सासरे उठले. आता हेही अडवणार, असं वाटून तिनं मूठ आणखी आवळली. त्यांनी खिशातून चष्मा काढला.

"हिच्यावर काय लिहिलंय?"

"पुसते, मग सांगते," ती मान वर न करता म्हणाली.