नेदामावशीचा कठडा

बेलोनोसच्या फुटबॉल मैदानावर दर उन्हाळ्यात मेटलवाल्यांचा, म्हणजे त्या दणदणाटी रॉक संगीताच्या वेड्यांचा, मेळा भरतो. त्या दिवशी फाटकाबाहेर सगळ्यांत आधी कोण उभं असेल, यावर गावात कुणी पैज लावत नाही. नेदामावशीच असणार. ऊन डोक्यावर आलेलं, हातात ताकाची बाटली, पिशवीत कागदात गुंडाळलेली बानित्सा, म्हणजे चीज भरून भाजलेली पापुद्र्यांची पोळी, आणि अंगात ते काळं बिनबाह्यांचं जाकीट. मावशीने आजवर समोर उभं राहून ऐकलेल्या एकूण एक बँडच्या नावाचं कापडी ठिगळ त्या जाकिटावर आहे आणि प्रत्येक ठिगळ दात साफ करायच्या दोऱ्याने शिवलेलं आहे. साधा दोरा गर्दीत रगडला की दोन मेळ्यांत तुटतो. दातांचा दोरा जाकीट फाटलं तरी तुटत नाही, हे तिने कितीतरी पोरांना शिकवलं. जो बँड प्रत्यक्ष पाहिला नाही, त्याचं ठिगळ मात्र कुणी फुकट दिलं तरी ती लावत नाही.

खरं नाव नेद्याल्का. वय साठीला टेकलेलं. भाजलेल्या ढोबळ्या मिरच्यांची चटणी बरण्यांत भरणाऱ्या गावच्या कारखान्यात तिचा जन्म गेला. पट्ट्यावरून काचेच्या बरण्या एकमेकींवर आपटत पुढे सरकतात, आणि तो खणखणाट सकाळपासून संध्याकाळपर्यंत कानांत ओतला जातो. कान गेले ते तिथे. डॉक्टरनेही तेच सांगितलं. पण गावाने निकाल आधीच देऊन टाकला होता, की मेटल ऐकून ऐकून बाई बहिरी झाली. बरण्यांवर आळ कोण घेणार? चटणी तर सगळ्यांच्याच घरात होती. मावशीला एक नवराही होता. त्याला घरातला आवाज सहन होईना. मग तो गेला आणि आवाज राहिला. आता तोही जायला लागला होता.

कानात घालायचं यंत्र तिला मिळालं होतं. घरात, दुकानात त्याचा उपयोग व्हायचा. मेळ्यात मात्र त्यातून नुसती खरखर यायची. म्हणून मागच्या उन्हाळ्यात ती यंत्र काढून अगदी पुढे, स्टेजसमोरच्या लोखंडी कठड्याला टेकून उभी राहिली. सगळी गर्दी उसळत होती आणि हिच्यासाठी सगळं मुकं. आपलं इथलं संपलं, असं तिच्या मनात आलं आणि तिने कपाळ कठड्यावर टेकवलं. आणि त्या लोखंडातून ढोल वर आला. आधी कपाळात, मग दातांत, मग थेट बरगड्यांत. गाणं कोणतं, हे तिने दुसऱ्या ठोक्याला ओळखलं. बाई तिथे उभ्याउभ्या रडली. त्या दिवसापासून तिच्यासाठी मेळा म्हणजे कठडा. दोन पावलं मागे सरकलं की बहिरेपण, कठड्याला हात लावला की गाणं.

यंदा मात्र धाकटी बहीण स्नेझाना हात धुऊन मागे लागली. स्नेझाना पोस्टात कामाला. केस कायम बसवलेले, चप्पल आणि पर्स एकाच रंगाची. मेळ्याच्या आदल्या दिवशी ती मावशीच्या स्वयंपाकघरात येऊन समोर बसली. समोरच बसावं लागतं, नाहीतर ओठ दिसत नाहीत.

"ताई, पुरे झालं आता. मागून कुणी 'बाजूला हो' म्हणून ओरडलं तर तुला कळणार आहे का? चेंगरशील एखाद्या दिवशी."

"तिथे कुणी कुणाला चेंगरत नाही."

"हो ना! बघितलंय मी टीव्हीवर. रेडे झुंजतात तशी माणसं झुंजतात."

"तू टीव्हीवर बघितलंस. मी आत उभी राहून बघितलंय."

"मग मीही येते उद्या. लांब उभी राहून बघेन. पण एक कबूल कर. तुझ्यामुळे एका माणसाला जरी त्रास झाला, कुणाला तुला उचलून बाहेर आणावं लागलं, तर परत पाऊल ठेवायचं नाही. कबूल?"

मावशीने खूप वेळ कणीक मळली. बहिणीचा हट्ट तिला कळत होता. आईच्या मागे दोघीच एकमेकींना होत्या, आणि स्नेझानाची भीती खोटी नव्हती. शिवाय मावशीला स्वतःलाच एक गोष्ट आतून खात होती. आपण आता लोकांना ओझं व्हायला लागलो की काय, ही.

"कबूल," ती म्हणाली. "आईची शपथ."

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं आणि सगळे कठड्याकडे धावत सुटले. नाभीपर्यंत दाढी असलेला ट्रक-ड्रायव्हर ल्यूबेन दरवर्षी मावशीच्या शेजारीच धावतो आणि शेवटच्या वळणावर त्याचा गुडघा नेमका दुखतो. मावशी पुढे निघून जाते. त्याच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

"जिंकलीस गं मावशी!" तो तोंड मोठं करून म्हणाला. "म्हातारा झालो मी."

"तू जन्मतःच म्हातारा आहेस," मावशी म्हणाली आणि तिने दोन्ही पंजे कठड्यावर घट्ट ठेवले. लोखंड उन्हाने तापलेलं होतं. तिला बरं वाटलं.

स्नेझाना सॉसेजच्या टपरीपाशी थांबली, पर्स पोटाशी धरून. मावशीचं कानातलं यंत्र त्याच पर्समध्ये होतं. तिथून तिने जे पाहिलं, त्याने तिची पहिल्यांदा पाचावर धारण बसली. गर्दीच्या मध्ये एक रिंगण मोकळं झालं आणि त्यात माणसं गोल गोल धावू लागली, एकमेकांना खांद्यांनी ढकलू लागली. एक जाडगेला बाप्या तर गुलाबी परकर नेसून धावत होता. मग एक पोरगी पडली. स्नेझानाने डोळे मिटले. उघडून बघते तर पोरगी उभी! चार जणांनी तिला बखोटीला धरून उचललं होतं, एक जण तिचे गुडघे झटकत होता आणि बाकीच्यांनी भोवती हातांची भिंत केली होती. मग कुणाचा तरी एक बूट गर्दीच्या डोक्यांवर उंच धरलेला दिसला. ज्याला सापडला तो नाचायचं सोडून तो बूट धरून उभा राहिला, एका पायावर लंगडत मालक येईपर्यंत. मालक आला, दोघांनी मिठी मारली आणि दोघे परत एकमेकांना ढकलायला निघून गेले. हे असं भांडण स्नेझानाने पोस्टातसुद्धा कधी पाहिलं नव्हतं, आणि पोस्टात तर माणसं सभ्य असतात.

मेटलवाल्यांविषयी लोक काय वाटेल ते बोलतात. बोलोत. लग्नाच्या पंगतीत जेवढी धक्काबुक्की होते आणि तिच्यात जेवढा राग असतो, त्याच्या निम्माही राग या रिंगणात नसतो. इथे पडलेल्याला उचलणं हा पहिला नियम आहे आणि तो कुठेही लिहिलेला नाही.

उन्हं कलली तेव्हा डेन्मार्कचा 'काळा नांगर' स्टेजवर आला. मावशी याच बँडसाठी जीव टाकत होती. तिच्या तरुणपणी खलाशांनी आणलेल्या कॅसेटवरून कॉपी केलेल्या कॅसेटवर, त्या कॅसेटच्याही कॉपीवर तिने त्यांची गाणी ऐकली होती. त्यांचं ठिगळ जाकिटावर अजून नव्हतं. पाठीवर मधोमध जागा मोकळी ठेवलेली होती.

पहिल्या गाण्याला तिने अंबाडा सोडला आणि पांढऱ्या केसांचा पंखा फिरवला. दुसऱ्याला ल्यूबेनच्या खांद्यात खांदा अडकवून झुलली. तिसरं सुरू झालं आणि तिला कळेना की आपण रडतोय की हसतोय. हे ते गाणं होतं, त्या कॅसेटवर तिने सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं. तिने डोळे मिटले, कठडा घट्ट पकडला आणि कपाळ लोखंडावर टेकवून दिलं. आता तिच्या आत नुसता ढोल होता. इतकं चांगलं तर कान असतानाही ऐकू आलं नव्हतं.

आणि एकदम लोखंड मेलं.

तिने दचकून डोळे उघडले. ढोलवाला हात वर करून थांबलेला. गायक स्टेजच्या अगदी कडेला तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलेला. पांढऱ्या केसांची बाई कठड्यावर कोसळली आहे, असं वरून बघून त्या भल्या माणसाने गाणं मध्येच तोडलं होतं. त्याने भुवया उंचावल्या, अंगठा वर केला आणि काहीतरी विचारलं. भाषा कळली नाही, पण प्रश्न कळला. ठीक आहेस ना?

ठीक? मावशी आयुष्यात इतकी ठीक कधीच नव्हती! तिने जीव तोडून मान हलवली, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

आता हो म्हणायचं तर मान आडवी हलवायची आणि नाही म्हणायचं तर वरखाली, हे इथल्या पोरांना आईच्या मांडीवर कळतं. डेन्मार्कच्या माणसाला ते कोण सांगणार? त्याचा चेहरा पडला. त्याने खात्री करायला मावशीच्या आजूबाजूच्यांना विचारलं, की ही बाई ठीक आहे ना? ल्यूबेनने मान हलवली, आडवी. त्याच्या मागच्या रांगेने हलवली. त्या मागच्या रांगेने तर आणखी जोराने हलवली, म्हणजे याला नीट दिसावं. बिचाऱ्याला दिसलं ते असं, की अख्खं मैदान कळवळून सांगतंय, नाही हो, ही अजिबात ठीक नाही.

पुढच्या क्षणी दोन रखवालदारांनी मावशीला अलगद कठड्यावरून पलीकडे उचलून घेतलं. ती ओरडत होती, "सोडा! मला काही झालं नाही!" पण बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा येतोय ते कळत नाही, आणि रखवालदारांना वाटलं, बाई भ्रमात बरळते आहे.

डॉक्टरच्या तंबूत तिच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधेपर्यंत स्नेझाना धापा टाकत पोचली. तिने पर्समधून यंत्र काढून पुढे केलं. मावशीने ते घेतलं नाही.

"झालं," मावशी म्हणाली. "तू म्हणालीस तसंच झालं. अख्खा खेळ थांबला माझ्यामुळे. मला उचलून आणावं लागलं. शब्द म्हणजे शब्द. चल घरी."

तिने जाकीट काढलं, घडी घातली आणि मांडीवर ठेवलं. पाठीवरची मोकळी जागा वर आली होती. तिथे हात ठेवून ती बसून राहिली. इतकी म्हातारी ती स्नेझानाला कधीच दिसली नव्हती.

स्नेझाना जिंकली होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती तंबूच्या दाराकडे बघत उभी होती, आणि बाहेरून जे येत होतं ते ताईला ऐकू येत नव्हतं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. ती वळली आणि ताईच्या समोर वाकली.

"ताई, तुझं नाव घेतायत."

"कोण?"

"सगळे. नेदा, नेदा करतायत. तो दाढीवाला कठड्यावर चढून त्या गायकाला हातवारे करून काहीतरी सांगत होता. गायकाने कपाळावर हात मारून घेतला. गाणं सुरूच केलं नाही अजून त्याने."

"बघ, अजून थांबलेत. हाच तो त्रास."

 स्नेझानाने तिच्या मांडीवरचं जाकीट ओढून घेतलं, झटकलं आणि लहान पोराला घालावं तसं मावशीच्या अंगात घातलं. आधी उलट्या हातात घातलं, मग सरळ.

"हे काय?"

"घाल. वारा सुटलाय."

वारा कुठेही नव्हता. तिने ताईचं मनगट धरलं, पट्टा गुंडाळणाऱ्या डॉक्टरला "मान आडवी हलवली की हो म्हणते आमच्याकडे बाई, त्या गाढवाला सांगून ठेवा!" असं सुनावलं आणि तिला गर्दीच्या मागच्या टोकाशी नेलं. ल्यूबेन तिथे येऊन थांबला होता.

"मावशी, मधून मुंगीला वाट नाही," तो ओठ ताणून म्हणाला. "वरून जावं लागेल. हाताची घडी घाल आणि मला लाथ मारू नकोस."

"वजन आहे रे माझं!"

"मी ट्रक चालवतो."

आणि त्याने तिला उचललं. खालून हात आले. पाठीखाली, पोटऱ्यांखाली, मानेखाली तर एक तळवा इतका हळू, जणू तान्ह्या बाळाचं डोकं. मावशी आकाशाकडे तोंड करून माणसांवरून वाहत चालली. किती जणांना आपल्यामुळे त्रास, हा विचार आला आणि आल्या पावली परत गेला. तिने स्वतः आजवर किती जणांना असंच पुढे सरकवलं होतं. जाडे, रोडके, दारू चढलेले, एकदा तर खुर्चीसकट एक पांगळा पोरगा. हात दुखले होते, कुणाचा बूट नाकावर बसला होता. पण त्रास? त्रास हा शब्दच कधी डोक्यात आला नव्हता. वाट बघायची माणसं, की आता आपल्या डोक्यावर कोण येतंय. मावशी मोठ्याने हसली, आणि किती मोठ्याने ते तिला कळलं नाही.

कठड्याशी रिकामी जागा कुणी ठेवत नाही. लघवीला गेलं तरी जागा जाते, तिथे भाऊ भावाला ओळखत नाही. मावशीला खाली उतरवलं तेव्हा मात्र तिथे बरोबर एका बाईपुरती जागा होती आणि दोन्ही बाजूंची पोरं पाठ लावून गर्दी अडवत उभी होती. तिने पंजे लोखंडावर ठेवले. वर गायकाने छातीवर हात ठेवून तिच्यापुढे मान झुकवली. ढोलवाल्याने काठ्या उचलल्या, पण मारल्या नाहीत. तो तिच्या डोक्यावरून मागे बघत हसायला लागला. मावशी वळली.

माणसांच्या डोक्यांवरून स्नेझाना येत होती. उताणी. एका पायात चप्पल, दुसरी कुणीतरी मागून उंच धरून आणत होतं. बसवलेले केस विस्कटलेले, पर्स दोन्ही हातांनी छातीशी आणि तोंड एवढं उघडं, की ती काय किंचाळते आहे हे ऐकायला कानांची गरजच नव्हती. पोरांनी तिला अलगद मावशीच्या शेजारी उभं केलं. तिने स्कर्ट खाली ओढला, चप्पल आणून देणाऱ्याला "थँक्यू बाळा" म्हटलं, आणि पायात घालून झाल्यावर ताईकडे तोंड केलं, ओठ नीट दिसतील असं.

"सरक जरा," ती म्हणाली. "मला हात ठेवायला जागा नाही."