करंदीकरकाका आणि न मिळालेला मॅनेजर

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीत करंदीकरकाकांबरोबर रेस्टॉरंटमध्ये बसलं, की आपल्याला काय खायचंय ते आपण ठरवायचं नसे. वेटर ऑर्डर घेऊन वळला, की काका त्याला परत बोलावत आणि आपली डिश बदलून टाकत. वर म्हणत, "मी फक्त सुचवतो हं, निर्णय तुमचाच."

हे आमच्या क्रिकेट क्लबचे अध्यक्ष. आयुष्यात बॅट धरली नव्हती, पण एका कारखान्याच्या पर्सोनेलमध्ये, म्हणजे नोकरभरतीच्या खात्यात, नोकरी केलेली. "माणूस जिना चढताना बघितला की तो कसा आहे ते मला कळतं," असं छातीठोक सांगायचे. स्वतःच्या जावयाला मात्र त्यांनी कधी जिना चढताना बघितलं नसावं. हा जावई, नितीन, आमचा ओपनर. पॅड बांधायला त्याला जेवढा वेळ लागे, तेवढा वेळही तो पिचवर टिकत नसे.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. आम्ही लीगमध्ये तळाला होतो. लीगने बजावलं होतं, एप्रिलच्या आत मॅनेजर नेमा, नाहीतर तुमचं नाव काढतो. सेक्रेटरी म्हणून शोध माझ्याकडे आला. माझे वडील एसटीत कंडक्टर. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी. दिलेलं काम चोख करायचं, एवढंच मला येतं. मी जाहिरात दिली, अर्ज चाळले, तिघांची समिती बसवली.

काकांनी काय करावं? प्रत्येक उमेदवाराला त्याच्या मुलाखतीच्या आधीच्या रविवारी परस्पर घरी जेवायला बोलावलं. नॉटिंगहॅमचा पहिला उमेदवार अळूवडीपर्यंत टिकला. सोमवारी त्याचा ईमेल आला, सॉरी म्हणून.

"काका, अहो, निवडायला समिती आहे ना?" मी म्हणालो.

"अरे पाटील, समितीनेच निवडायचं. मी फक्त माणूस घरोब्याचा आहे का ते बघतो."

दुसरा कॉलिन. शाळेत पीई, म्हणजे खेळ-कवायत, शिकवून रिटायर झालेला, आमची पोरं त्याच्यावर फिदा. या खेपेला मीही हट्टाने जेवायला गेलो. श्रीखंड वाढून झाल्यावर काकांनी त्याच्यापुढे कागद सरकवला. अकरा नावं, क्रमवार. पहिलं नितीनचं.

कॉलिनने विचारलं, "हे बदललं तर चालेल?"

"अवश्य! फक्त आधी मला एक फोन करायचा."

"आणि कॅप्टन?"

"तो ठरलाय. नितीन."

कॉलिनने श्रीखंड संपवलं, काकूंचे मनापासून आभार मानले आणि म्हणाला, "मिस्टर करंदीकर, तुम्हाला मॅनेजर नकोय. ही यादी मोठ्याने वाचणारा माणूस हवाय."

दार लागल्यावर काका म्हणाले, "बघितलंस? अहंकारी आहे."

पंधरा दिवसांत कॉलिन शेजारच्या क्लबचा मॅनेजर झाला. आमचा तोवरचा कॅप्टन आणि चार चांगले खेळाडू त्याच्यामागे गेले. तिसरा उमेदवार हे ऐकून मुलाखतीलाच आला नाही. एप्रिल उजाडला, लीगचं पत्र आलं, आमचं नाव गेलं.

समितीच्या बैठकीत काका म्हणाले, "चांगली माणसं मिळतच नाहीत हल्ली." मी राजीनामा पुढे ठेवला. काकांनी चष्मा लावला, दोनदा वाचला आणि पेन काढलं.

"'हस्तक्षेपामुळे' नको रे, कडक वाटतं. 'वैयक्तिक कारणामुळे' असं लिहू."

मी त्यांच्या हाताखालून कागद ओढून घेतला. "काका, ते पत्र माझं आहे," म्हणालो. त्याच्या प्रती सगळ्या सभासदांना वाटल्या आणि घरी आलो.